खिशात हात घातलेली माणसं

बारावीचा निकाल लागला तेव्हा घरात माझ्याबद्दल बोलण्यासारखी एकच बरी गोष्ट उरली होती. "तिचं ड्रॉइंग मात्र छान आहे हं," असं शेजारच्या काकू आईला म्हणायच्या. आजारी माणसाला बघायला गेल्यावर बायका ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात.

छान म्हणजे किती छान, ते सांगते. शाळेत असताना मी चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या आणि दोन्हींत बी ग्रेड मिळवली होती. त्यात स्मरणचित्राचा एक पेपर असायचा. भाजी मंडई काढा, बस स्टॉप काढा, गणपतीची मिरवणूक काढा. आमच्या बाईंनी त्याची युक्ती शिकवून ठेवली होती. माणसं पाठमोरी काढायची. समोरून काढावंच लागलं तर चेहरा इतका लहान ठेवायचा की नाकडोळ्यांना जागाच उरू नये. आणि हात? पुरुषांचे खिशात, बायकांचे टोपलीमागे. माझ्या भाजी मंडईत एकाही माणसाला बोटं नव्हती. वांगी कशी निवडत होते कोण जाणे.

बाबांनी ते चित्र पाहून विचारलं होतं, "हे सगळे खिसेकापूंच्या भीतीने उभे आहेत का?"

बाबा मुंबईतल्या एका सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. आम्ही नवीन पनवेलला राहायचो. सकाळी पेपर हातात घेतला की त्यातल्या शुद्धलेखनापासून समोरच्या इमारतीच्या ग्रिलपर्यंत प्रत्येक गोष्टीला नावं ठेवणं हे त्यांचं नवं ऑफिस होतं. आईने त्यांचं बोलणं मनावर घेणं कधीच सोडून दिलं होतं. मी घ्यायची. आणि शिकायचीही, हे आता कळतं, कारण पुढच्या दहा वर्षांत ज्या ज्या लोकांनी मला कला शिकवली त्यांच्याविषयी माझ्या मनात पहिल्यांदा जे काही यायचं ते बाबांच्या आवाजात यायचं.

त्या वर्षांत ॲनिमेशनची साथ आली होती. ज्यांची मुलं इंजिनिअरिंगला जाऊ शकत नव्हती अशा सगळ्या पालकांना एकाच सुमारास कळलं होतं की ॲनिमेशनला फार स्कोप आहे. जुन्या पनवेलमध्ये एस.टी. स्टँडपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी एका मिठाईच्या दुकानावर तसली एक संस्था निघाली. जिन्यात कायम तळणाचा वास. दारावरच्या पाटीला नवा निळा रंग दिलेला, पण दुपारचं ऊन पडलं की त्या रंगाखालून 'टायपिंग व शॉर्टहँड' ही जुनी अक्षरं वर यायची. पाटी बदलली होती, मालक तोच होता.

तेच आमचे सर. पनवेलच्या उकाड्यातही टाय लावायचे, आणि मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना बेटा म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, ड्रॉइंग कधी शिकवणार?"

"बेटा, ड्रॉइंग आता कॉम्प्युटर करतो."

मला ते वाक्य फार आवडलं. माझ्या सगळ्या माणसांनी खिशातून हात काढण्याची वेळ टळली होती.

पहिल्या महिन्यात आम्ही किटली केली. केली म्हणजे काय, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होतं, ते दाबलं की आयती किटली यायची. दुसरं बटण दाबलं की ती काचेची व्हायची, तिसरं दाबलं की खाली बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी यायची. मी त्याची रंगीत प्रिंट काढून घरी आणली. आईने ती फ्रिजवर लावली.

"ही तू केलीस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे नक्की काय केलंस?"

मी बटणांचं सांगितलं. बाबांनी चष्मा वर करून चित्र जवळून पाहिलं. "बरं आहे," ते म्हणाले, "चहा करायलाही एक बटण असतं तर तुझ्या आईची सुटका झाली असती."

वर्गात आम्ही आठ-दहा जण. त्यातली एक मुलगी माझी मैत्रीण झाली. ती जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातली. तिच्या अब्बांचं बॅगांचं दुकान होतं. गल्फला जाणारे कोकणातले लोक तिथून सूटकेस न्यायचे आणि वर खोक्यांना दोरी बांधून घ्यायचे. तिचा मोठा भाऊ कुवेतला होता आणि त्याने तिला पेनची पाटी पाठवली होती. ती कॉम्प्युटरला जोडायची, तिच्यावर पेनने काढायचं आणि चित्र समोर स्क्रीनवर उमटायचं. संस्थेत अशी पाटी एकच होती आणि ती सरांच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ठेवलेली असायची. पाहुणे आले की पिशवी काढायचे.

मैत्रिणीच्या पाटीवर आम्ही पाळीपाळीने काढायचो. पहिले काही आठवडे साधा गोल जमेना. हात खाली, डोळे वर, आणि रेघ भलतीकडेच. पण एकदा सवय झाल्यावर मला डिजिटल पेंटिंगमधली गंमत कळली. गंमत अशी की काहीही बिघडलं तरी त्यावर चकाकी टाकता येते. आकाश जमलं नाही, टाका सूर्यास्त. डोंगर जमला नाही, टाका धुकं. माझी त्या काळातली सगळी चित्रं जांभळी होती. उंच कड्यावर किल्ला, मागे नको इतका मोठा चंद्र, खाली दरीत धुकं. किल्ल्याचे मनोरे कुठल्यातरी परदेशी कॅलेंडरातून आलेले. चित्रात माणूस असलाच तर तो कड्यावर, पाठमोरा, अंगरखा वाऱ्यावर उडतोय. बाईंची युक्ती अजून उपयोगी पडत होती.

एकदा मैत्रीण माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, "हा किल्ला कुठला?"

"कुठला नाही. कल्पनेतला."

"तौबा. इथे कर्नाळा दिसतो रोज, अंगठा वर करून उभा आहे. त्याच्याकडे तू एकदा तरी नीट बघितलंस? कल्पना कसली करतेस खामखा?"

मला राग आला. तिचं स्वतःचं काय होतं? ती दुकानातल्या बॅगा काढायची. झिप, कड्या, चाकं. किती कंटाळवाणं, असं मी तिला तोंडावर सांगितलं. तिने खांदे उडवले आणि चाकाचा स्क्रू काढत बसली.

वर्ष संपताना सरांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. हॉल लग्नाचा होता. लग्नसराई नुकतीच उलटून गेलेली, त्यामुळे स्टेजवर मागच्या कुठल्यातरी लग्नातले थर्माकोलचे मोर तसेच होते. मी एक खोली बनवली होती, त्यात टेबल, खुर्ची आणि अर्थातच किटली. सरांनी ती बघून मान हलवली. "बेटा, हे लोकांना समजणार नाही."

प्रदर्शनाच्या सकाळी हॉलवर गेले तर माझ्या नावाच्या चिठ्ठीच्या वर एक ड्रॅगन होता. हिरवा, भिंतीएवढा, तोंडातून आग ओकणारा. त्याचा एकेक खवला सुटा दिसत होता. त्यातल्या एका खवल्याइतकंही काम मी वर्षभरात केलेलं नव्हतं. मैत्रिणीच्या नावावर एक चिलखतवाली बाई होती, हातात तलवार, अंगावर चिलखत कमी आणि बाई जास्त.

"सर, हे माझं नाही," मी म्हटलं.

"रेफरन्स म्हणून लावलंय, बेटा. संस्थेचं नाव होतं. तुझंच नाव होतंय ना?"

आईने आख्ख्या सोसायटीला बोलावलं होतं. बायका ड्रॅगनसमोर रांगेने उभ्या राहिल्या. आई तर देवळात आल्यासारखी. "एवढं सगळं तू केलंस?" तिने हळूच विचारलं. मी नावाची चिठ्ठी सरळ करत राहिले. बाबा मागून आले. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग ड्रॅगन वरपासून खालपर्यंत पाहिला.

"याला हात आहेत," ते म्हणाले. "नखं, बोटं, सगळं जागच्या जागी. म्हणजे तुझा नाही."

प्रमुख पाहुण्या म्हणून मुंबईच्या एका स्टुडिओतल्या बाई आल्या होत्या. जीन्स, साधा कुर्ता, पायांत धुळीने भरलेले बूट. सरांनी त्यांना शाल, श्रीफळ दिलं, ते त्यांनी खुर्चीवर ठेवलं आणि सरळ भिंतींकडे गेल्या. सर एक पाऊल मागून बोलत होते. ड्रॅगनपाशी त्या थांबल्या. मला पुढे बोलावण्यात आलं.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "मला एक सांग, याचे पंख अंगातून कुठून निघतात? इथे खांद्यापाशी काहीतरी केलंयस, ते मला कळत नाहीये. काढून दाखवतेस?" त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिका उलटी करून माझ्यापुढे धरली.

मी एक रेघ मारली. दुसरी मारली. सोसायटीच्या बायका बघत होत्या. मी काढलेला पंख ड्रॅगनच्या मानेतून निघाला आणि पतंगासारखा लोंबत राहिला. बाईंनी कागद बघितला, भिंत बघितली.

"हा तू केलेला नाहीस."

"नाही," मी म्हटलं.

सर हसले. "नर्व्हस झाली. बेटा, जरा पाणी पी."

तेवढ्यात माझ्या बाजूने मैत्रिणीचा आवाज आला. "सर, ती तलवारवाली पण माझी नाही. मी काढलंय ते तुम्ही तिकडे पंख्याच्या मागे लावलंय."

मला आठवतं ते एवढंच की सर टायची गाठ चाचपत होते. बाई पंख्याकडे गेल्या, पंखा स्वतःच्या हाताने बाजूला सरकवला आणि मागचं चित्र बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. अब्बांचे नुसते दोन हात होते, खोक्याला दोरी आवळणारे. चेहरा नाही, दुकान नाही, सूर्यास्त नाही.

"डावा अंगठा उलटा लावलायस," बाई म्हणाल्या.

"हो? अल्ला, खरंच."

"पण दोरी ताणलेली वाटते. तू इथे बघून काढलंस, बघून काढणं सोडू नकोस." मग माझ्याकडे वळून, "तुझं काय आहे इथे?"

"काहीच नाही."

"हं," त्या म्हणाल्या. एवढंच. मैत्रिणीला त्यांनी आपला फोन नंबर दिला. मला दिला नाही. शाल, श्रीफळ खुर्चीवरच विसरून त्या गेल्या.

घरी परतताना रिक्षात आई रस्त्याकडे तोंड करून बसली होती. बाबा मात्र विलक्षण खुशीत होते. "तो ड्रॅगन बरा होता," ते म्हणाले. "पत्ता लागला का कुणाचा होता ते?"

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावून संस्थेची बदनामी केल्याबद्दल सुनावलं. आम्ही डिप्लोमा मिळणार नाही असं धरून चाललो होतो, पण तो मिळाला, प्लॅस्टिकचं कव्हर घालून, सोनेरी शिक्का मारून. त्यावर ॲनिमेशनचं स्पेलिंग चुकलेलं होतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत संस्थेच्या दारावरची पाटी पुन्हा रंगवली गेली आणि तिथे मोबाइल दुरुस्तीचा कोर्स सुरू झाला. सर तेच. टाय तोच असावा.

मग मी हात काढायला बसले. कुणी मोठी प्रेरणा दिली म्हणून नव्हे. त्या बाईंचं 'हं' डोक्यातून जाईना म्हणून. समोर फुकटात मिळणारे हात एकाच माणसाचे होते. बाबा पेपर धरायचे आणि मी समोर वेताच्या मोड्यावर बसून त्यांची बोटं काढायची.

"बघू." ते कागद घ्यायचे. "हा माझा हात आहे? मला वाटलं केळ्यांची फणी."

दुसऱ्या दिवशी, "आज केळी पिकली आहेत."

त्यानंतर कधीतरी, "आता हात वाटतो. पण या माणसाला डॉक्टरकडे न्यायला हवं."

ते मुद्दाम पेपर हलवायचे असा माझा संशय आहे. त्यांना चित्रातलं काही कळत नव्हतं. पण खोटं लगेच कळायचं, आणि सरांच्या संस्थेत वर्षभर काढल्यावर मला तेवढंही पुष्कळ होतं. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून धरून पडलेला घट्टा मी पहिल्यांदा पाहिला तो काढायला लागल्यावर.

मैत्रीण आणि मी बाहेरही जायला लागलो. एस.टी. स्टँडवर बाकड्यावर बसायचं आणि बसची वाट बघणारी माणसं काढायची. डोकं आणि एक खांदा होईतो अलिबागची गाडी लागायची आणि माणूस उठून जायचा. माझ्या वहीत अर्ध्या माणसांची गर्दी झाली. एका गृहस्थाने फार अदबीने विचारलं, "तुम्ही पोलिसात आहात का?" आम्ही नाही म्हटलं तरी तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

एका रविवारी आपट्याला गेलो, पाताळगंगेच्या काठी. मी नदीचं चित्र काढायचं ठरवलं होतं, कारण नदीला बोटं नसतात. काठावर एक बाई कपडे धूत होती. मी तिला चित्रात घेतलं, लांबून, पाठमोरी. सवय एवढी लवकर जात नाही. थोड्या वेळाने ती पिळे घेऊन आमच्याशेजारून निघाली आणि थांबली.

"काय लिवतस गो?"

"चित्र काढतेय, मावशी. तुमचंच आहे."

"बगू." तिने ओल्या हाताने वही धरली. "ही मी हाय? माजं तोंड कुठं हाय?"

"तुम्ही पाठमोऱ्या होतात ना."

"मग मला हाक नाय मारता येत? आमी काय भूत हाय, तोंड नाय ते?"

मैत्रीण हसून हसून दगडावर आडवी झाली. ती बाई मात्र गंभीर होती. तिने पिळे बाजूला ठेवले, पदर सारखा केला, समोरच्या दगडावर बसली आणि पासपोर्टच्या फोटोला बसतात तशी ताठ झाली. दोन्ही हात मांडीवर, बोटं पसरून. "काड आता."

पळायला जागा नव्हती. मी तो चेहरा काढला, मोठा, समोरून, नाकडोळ्यांसकट, आणि ती दहाच्या दहा बोटं. कितीतरी वेळ लागला. ती मध्येच एकदा खोकली, तेवढंच. शेवटी मी वही तिच्यापुढे धरली. तिने ती दूर धरली, जवळ धरली.

"ही तर माजी सासू झाली," ती म्हणाली. पिळे उचलले आणि निघाली. चढावर पोचल्यावर वळून ओरडली, "पन सासू बेस आलीय!"

ते माझं पहिलं चित्र. त्याआधीचं काहीही मी ठेवलेलं नाही.

त्याच वर्षी मैत्रिणीने त्या स्टुडिओतल्या बाईंना फोन केला, चित्रं घेऊन गेली आणि कामाला लागली. कार्टूनमागची दृश्यं रंगवायची. अब्बांनी दुकानातली सगळ्यात चांगली बॅग काढून दिली आणि ती अंधेरीला तिच्या मामूंकडे राहायला गेली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले होते.

"बॅकग्राउंड म्हणजे झाडंझुडपंच ना?" मी म्हटलं.

ती बॅगेत कपडे भरत होती. "जळतेयस?"

"हो."

"बरंय. जळ. पण जळता जळता कान काढायला शिक. तुझ्या सगळ्या माणसांचे कान भज्यांसारखे असतात."

मी मात्र मागे राहिले, आणि मागे राहिलेल्यांसाठी पनवेलमध्ये एक खास काम होतं. विमानतळ येणार, विमानतळ येणार अशी हाकाटी सुरू झाल्यापासून आसपासच्या प्रत्येक गावात टॉवर उभे राहत होते, आणि उभे राहण्याआधी ते कागदावर उभे राहायचे. मी अशी चित्रं करून देणाऱ्या एका ऑफिसात लागले. विचुंब्यातल्या एका इमारतीसाठी मी नारळाची झाडं लावली, नाल्याच्या जागी निळा तलाव केला, विजेचा मोठा मनोरा पुसून टाकला आणि हिरवळीवर एक गोरं कुटुंब कुत्रा घेऊन फिरायला सोडलं. खोली अशा कोनातून दाखवायची की दोन माणसं अडकतील अशा जागेत वरात नाचवता येईल असं वाटावं. साहेबांना आकाश पसंत पडेना. "ढग जरा परदेशातले टाक," ते म्हणाले. मी परदेशातले ढग टाकले.

ती जाहिरात पेपरात आली. बाबांनी सकाळी पान उलगडून बराच वेळ वाचलं.

"हे विचुंबं?"

"हो."

"मी मंगळवारीच गेलो होतो तिकडे. तेव्हा स्वित्झर्लंड नव्हतं." मग पेपराची घडी घालत म्हणाले, "ड्रॅगन बरा होता म्हणायचा. तो निदान विकत घ्यायला कुणी कर्ज काढत नव्हतं."

त्या ऑफिसाने मला एकच गोष्ट दिली: सॉफ्टवेअर हातात बसलं. दिवसभर सोफे आणि झुंबरं करून घरी आले की मी माझं स्वतःचं काम करायला लागले. तोवर घरी कॉम्प्युटर आला होता आणि पगारातून मी पेनची पाटीही घेतली होती. मूर्तिकाम करायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात स्क्रीनवर करड्या मातीचा गोळा येतो, तो पेनने ओढायचा, दाबायचा, खरवडायचा. मी डोकं करायचं ठरवलं. बाबांचं.

पहिलं डोकं बरं झालं असं मला वाटलं. समोरून तर अगदी बाबा. मग ते फिरवलं आणि बाजूने बघितलं. अंड्यावर कुणीतरी मुखवटा चिकटवला होता. कान दोन्ही बाजूंना भज्यांसारखे. मागे तर काहीच नव्हतं, गुळगुळीत नारळ. कागदावर मी मागची बाजू काढत नव्हते म्हणून ती मला कधी माहीतच झाली नव्हती. पाठमोरी माणसं काढायचे तेव्हाही केसांचा काळा ठिपका देऊन पुढे जायचे. एवढी वर्षं मी पाठी काढत होते आणि पाठही मला येत नव्हती.

ते डोकं मी पुसलं. रविवारी स्वयंपाकघरातलं स्टूल हॉलमध्ये आणलं आणि बाबांना त्यावर बसवलं.

"आता डावीकडे वळा."

"वळलो."

"अजून थोडं. आता पूर्ण पाठ."

"मी काय साडीच्या दुकानातला पुतळा आहे?" ते म्हणाले, पण वळले. पेपर मात्र हातातून सोडला नाही, भिंतीकडे तोंड करून वाचत राहिले.

असं कित्येक रविवार चाललं. मी त्यांचा कान पाहिला, खरोखर पाहिला. वरची कड कशी आत वळते, पाळी गालाला कुठे चिकटते, चष्म्याच्या दांडीने मागे कसा खड्डा पडला आहे. डावी पापणी उजवीपेक्षा जड. नाक किंचित एका बाजूला. मानेवर आडव्या दोन घड्या. कुणाकडे इतका वेळ बघायची सवय आपल्याला नसते. मध्येच आई चहा घेऊन यायची आणि माझ्यासारखीच त्यांच्या मानेकडे बघत उभी राहायची.

"तुम्हाला इथे तीळ आहे," ती एकदा म्हणाली.

"लग्नाच्या वेळी नव्हता का?"

"बघितलं कोणी!"

डोकं पूर्ण झालं तेव्हा मी बाबांना बोलावलं. ते चष्मा पुसून खुर्चीत बसले. मी डोकं हळूहळू फिरवायला लागले. समोरून, तिरकं, बाजूने. ते काही बोलले नाहीत. मी घाबरले, कारण ते काही बोलत नाहीत असं होत नाही. मागची बाजू समोर आली तसे ते पुढे वाकले.

"थांबव. हे काय आहे?"

"काय?"

"एवढं टक्कल आहे मला?"

मी आईकडे पाहिलं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा उठले, आईचा हातात धरायचा छोटा आरसा शोधून काढला आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले. "एक-दोन केस कमी दाखवलेस," ते म्हणाले. पुढच्या दिवसापासून त्यांनी बाजूचे केस वर ओढून बसवणं बंद केलं.

तेच डोकं घेऊन मी बेलापूरच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत मुलाखतीला गेले. समोर बसलेल्या तरुणाने माझा डिप्लोमा बघितला, स्पेलिंगपाशी थबकला आणि तो बाजूला ठेवला. विचुंब्याचा तलाव बघितला, तोही ठेवला. डोकं मात्र त्याने स्वतःच्या हाताने फिरवलं. कानामागे गेला, मानेच्या घड्यांपाशी थांबला.

"हे कोण?"

"माझे वडील."

"जरा कटकटे दिसतात."

"आहेत."

"तोंड बंद आहे, तरी आता काहीतरी लावून बोलणार असं वाटतंय." तो हसला. "सोमवारपासून याल?"

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी पेपर खाली केला.

"कटकटा? मी? त्याला एकदा घरी बोलाव, मग कळेल त्याला." जरा थांबून म्हणाले, "आणि काय करायचंय तिथे?"

"पहिले काही महिने सैनिकांचे बूट. नुसते बूट."

"एवढं शिकून चांभारकाम."

"असंच असतं बाबा सुरुवातीला."

ते पुन्हा पेपरात शिरले. सोमवारी सकाळी निघताना पाहिलं तर कॉम्प्युटरच्या टेबलावर, पेनच्या पाटीशेजारी, पेपराच्या पानावर त्यांचे कचेरीतले जुने काळे बूट ठेवलेले होते. टाचा एका बाजूने झिजलेल्या, एका नाडीला गाठ मारलेली.

"यांच्याकडे बघून कर," बाबा आतून म्हणाले. "आणि पॉलिश करायला जाऊ नकोस. आहेत तसे आहेत."